ब्राह्मणपाऱ्यातली प्रुफं

रायपुरात राहून मराठी पुस्तकं छापते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेल असं त्यांना वाटत असावं. पुण्याचे विक्रेते फोनवर हमखास विचारतात, "रायपूर म्हणजे नागपूरच ना?" नाही हो. नागपूरला गाडीत बसा, गोंदिया जाऊ द्या, दुर्ग जाऊ द्या, मग आम्ही येतो. समता कॉलनीतल्या आमच्या घराची पुढची खोली हेच माझं प्रकाशन. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीला टेकलेले गठ्ठे, आणि शेजारी दाताचा दवाखाना. गाल सुजलेली माणसं चुकून माझ्याकडे शिरतात आणि कादंबऱ्या बघून दुखणं विसरून परत फिरतात.

हे प्रकाशन मी भाऊंमुळे सुरू केलं. भाऊ म्हणजे आमचे कादंबरीकार. सख्खे भाऊ नाहीत, इकडे सगळेच त्यांना भाऊ म्हणतात. जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत घर, आणि लिहायचे ते आमच्या इथल्या मराठीत, ज्यात मले-तुले असतं आणि दर तिसऱ्या वाक्यात हिंदी पाय पसरून बसते. त्यांची पहिली कादंबरी मोठ्या शहरांतून गोड शब्दांत परत आली. मी ती वाचली आणि तावातावाने म्हणाले, "मी छापते." तेव्हा माझ्याकडे छापखाना सोडाच, प्रकाशनाला नावसुद्धा नव्हतं. भाऊ वहिनींकडे वळून म्हणाले, "घ्या, ही पोट्टी आपल्यासोबत बुडायले तयार हाये." तेव्हापासून आम्ही बुडतोच आहोत, पण मजेत.

आमची प्रुफं बघायची एक रीत होती. दुपारची जेवणं झाली की मी स्कूटर काढून ब्राह्मणपाऱ्यात जायची. भाऊ हस्तलिखित हातात घेऊन मोठ्याने वाचायचे आणि मी छापील पानावर पेन्सिल फिरवायची. विरामचिन्हंसुद्धा म्हणायचे ते, कॉमा, टिंब, आणि उद्गारचिन्ह आलं की नुसती मान उडवायचे. बायकांचे संवाद बायकी आवाजात. साहेबाचे संवाद नाकातून. वहिनी आतून ओरडायच्या, "अवं, हळू बोला, शेजारी समजतीन घरात भांडण चालू हाये." आजकाल प्रुफं पडद्यावर बघतात, कॉम्प्युटर चुका दाखवतो, हे मला माहीत आहे. पण भाऊंचं म्हणणं असं की चूक डोळ्यांना फसवते, कानाला नाही. माझंही तेच झालं. त्यांच्या आवाजात ऐकल्याशिवाय त्यांचं पुस्तक मला पुरं झाल्यासारखं वाटायचंच नाही.

भाऊंची नवी कादंबरी त्यांच्या आईवर होती. विदर्भातून रेल्वेत नोकरीला आलेल्या एकट्या कारकुनांसाठी त्यांच्या आईने इथे खानावळ चालवली होती. भाऊ त्या पंगतीत वाढले. कोण कुणाच्या ताटातलं उचलतो, कुणाला घरचं पत्र आलं की जेवण जात नाही, कोण लग्न ठरल्यावर खानावळ सोडताना रडला, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. शेवटच्या प्रकरणात आई खानावळ बंद करते आणि त्या दिवशी सगळ्यांना शेवटचं जेवू घालते. बाकीची प्रकरणं लिहून झाली होती, माझ्याकडे अक्षरजुळणीला आली होती. ते शेवटचं तेवढं राहिलं होतं. "बाकीचं सारं मी त्या एका जेवणासाठी लिहून राहिलो," ते म्हणायचे. "ते जमलं का मी मोकळा."

त्याच दिवसांत त्यांना झटका आला. सकाळी दाढी करताना उजवा हात खाली पडला आणि तोंड वाकडं झालं. त्यांच्या मुलाने धावपळ करून दवाखान्यात नेलं, वेळेत नेलं, जीव वाचला. हातात जोर नव्हता, पण चार माणसांच्या आधाराने का होईना, भाऊ घरी आले. बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, "बोली तो एकदम साफ है, आप लोग बहुत लकी हैं." आम्ही सगळ्यांनी डॉक्टरांच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

आता पुढचं जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. पुण्यात झालं असतं तर पहिल्या मिनिटाला घर हादरलं असतं. आमच्याकडे कुणाला पत्ताच लागला नाही.

रायपूरच्या मराठी घरात एकाने मराठीत विचारावं आणि दुसऱ्याने हिंदीत उत्तर द्यावं, हे रोजचंच. भाऊंचा मुलगा नव्या रायपूरला सरकारी ऑफिसात आहे. त्याला मराठी सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते. डॉक्टर हिंदी, नर्स हिंदी, भेटायला येणारे शेजारी हिंदी, नाहीतर छत्तीसगढी. भाऊ सगळ्यांशी हिंदीत बोलत होते आणि आम्ही म्हणत होतो, वा, बोलतात की. वहिनी मराठीत विचारायच्या, "चहा घेता काय?" भाऊ म्हणायचे, "हाँ, थोड़ा सा." वहिनींना वाटलं दवाखान्याची सवय लागली. मी भेटायला गेले तर म्हणाले, "आओ, आओ, बैठो." मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. मुलाची नक्कल ते नेहमी अशीच करायचे. मी पण हसले आणि म्हटलं, "हव भैया, बैठती हूँ." केवढी हसले मी तेव्हा.

थोडी ताकद आल्यावर त्यांनी स्वतःच प्रुफांचा विषय काढला. मला बरंच वाटलं. मी पानं घेऊन गेले. वहिनींनी पाठीशी उशा लावल्या, मी हस्तलिखित त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि पेन्सिल घेऊन तयार बसले. भाऊंनी पानाकडे पाहिलं. पहिला शब्द वाचला, पहिलीतलं पोर वाचतं तसा, अक्षर अक्षर सुटं. दुसरा शब्द वाचला. मग थांबले. म्हणाले, "चश्मा बदलवाना पड़ेगा."

"मी वाचते भाऊ, तुम्ही ऐका," मी म्हटलं. मी वाचत गेले. ते ऐकत होते, बरोबर जागी हसत होते, एका कारकुनाच्या भांडणाशी आल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. काहीतरी बदलायचं होतं. काय बदलायचं ते सांगू लागले, नीट, मुद्देसूद, सगळं हिंदीत.

"भाऊ, मराठीत सांगा ना. मला लिहून घ्यायचं आहे."

"वही तो बोल रहा हूँ," ते चिडून म्हणाले.

आणि मग त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं. ते त्यांच्या कानात शिरताना मला दिसलं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. काहीच आलं नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "नहीं आ रही."

वहिनी दारात उभ्या होत्या. हातातलं पातेलं त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि तिथेच खाली बसल्या. "बाप्पा," त्या म्हणाल्या, "इतके दिवस ते माह्याशी हिंदीत बोलून राहिले, आन मले समजलंच नाही." मलाही समजलं नव्हतं. जन्मभर ज्या माणसाचं मराठी छापलं, त्याचं मराठी गेलं आणि मी चहा पिऊन, थट्टा करून घरी आले होते.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांना बिचाऱ्यांना आमचं दुःखच आधी कळेना. माणूस बोलतोय, समजतंय, अजून काय हवं? मग नीट सांगितल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, असं होतं कधी कधी. दोन भाषा असल्या की एक आधी परत येते. दुसरी मागून येईल, किंवा येणारही नाही. भाऊ शाळेत हिंदीत शिकले, ऑफिसात हिंदीत वावरले. मराठी त्यांच्या आईची आणि कादंबऱ्यांची. तीच गेली.

मुलगा मला जिन्यात भेटला. त्याच्यावर मी मनातून खार खाऊन होते, उगाचच. म्हटलं, याला काय फरक पडतो. तो म्हणाला, "आंटी, सच बोलूँ? बुरा मत मानना. पापा पहली बार मुझसे सीधे बात कर रहे हैं. पहले मैं हिंदी में बोलता था तो जवाब नहीं देते थे. कहते थे, मराठीत बोल. अब घंटों बात करते हैं." आणि एवढा मोठा माणूस, जिन्याच्या कठड्याला धरून रडायला लागला. माझ्या बापाचं जे गेलं तेच याच्या हाताला लागलं, असं वाटून मला त्याचा रागही येईना आणि त्याला जवळही घेता येईना. होय, बापच म्हणाले मी. सख्ख्याहून जास्त होते ते मला.

शेवटचं प्रकरण मग आम्ही कसं केलं, ते सांगते. सल्ले पुष्कळ मिळाले. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सुचवलं की भाऊंनी हिंदीत सांगावं आणि मी मराठीत लिहून टाकावं, कुणाला कळतंय. दुसरे म्हणाले, अपुरीच छापा, तेवढीच सहानुभूती. दोघांनाही मी चहा न देता वाटेला लावलं. भाऊंच्या आईच्या खानावळीत माझं वाढलेलं ताट कशाला? आणि अपुरी छापायची तर भाऊ जिवंत असताना त्यांच्या डोळ्यांत बघून कशी छापायची?

तर रीत अशी ठरली. भाऊ हिंदीत सांगायचे, काय घडतं ते. मी त्यांच्या आधीच्या पुस्तकांतलं बोलणं आठवून एक मराठी वाक्य म्हणायची. ते ऐकायचे. नाही जमलं तर डोळे मिटून घ्यायचे. मी दुसरं म्हणायची. मग तिसरं, शब्द मागेपुढे करून. बरोबर वाक्य आलं की त्यांचं डावं बोट वर जायचं. स्वतःला बोलता येत नव्हतं, पण परकं कुठलं हे त्यांना लगेच कळायचं. माझं शहाणपण तर ते वासावरून ओळखत. मी जरा सुंदर वाक्य करायला गेले की डोळे बंद. एकदा वैतागून म्हटलं, "अहो, चांगलं आहे की हे!" तर म्हणाले, "अच्छा है. तुम्हारा है."

कधी कधी एका वाक्यात दुपार जायची. आई शेवटच्या पंगतीला वाढायला उठते, तिथे मी म्हटलेलं एकही वाक्य त्यांना चालेना. मी थकले, ते थकले. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अवं, सासूबाई म्हणायच्या ना, 'बसा रे लेकरांनो, आज कोणी मोजून राहिलं नाही.'" भाऊंचं बोट वर गेलं. त्यांनी वहिनींचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि वहिनी म्हणाल्या, "सोडा आता, तांदूळ सांडले सारे." त्या दिवशी मी स्कूटरवर रडत घरी गेले, पण ते रडणं चांगलं होतं. मला खात्री वाटायला लागली की या वाटेनेच त्यांचं मराठी परत येणार. एकेक वाक्य करून घरात शिरणार.

तसं झालं नाही. पण प्रकरण पुरं झालं. शेवटचं वाक्य झाल्यावर मी विचारलं, "अजून काही?" भाऊ म्हणाले, "बस. यहीं." आणि झोपून गेले. मी ते पान पर्समध्ये ठेवलं नाही, हातातच धरून गेले, एका हाताने स्कूटर चालवत. तात्यापाऱ्याच्या चौकात पोलिसाने शिट्टी मारली. मारू दे म्हटलं.

फाइल नागपूरला छापखान्यात गेली. मी रोज फोन करून त्या माणसाचं डोकं खाल्लं. "ताई, कागद यायचाय, ताई, बाइंडर सुटीवर गेला." मला एकच हवं होतं. भाऊंचं मराठी ऐकणं तरी शाबूत आहे तोवर ते पुस्तक त्यांच्या हातात पडावं. मी पहिल्या पानापासून त्यांना वाचून दाखवीन, सगळं, कॉमा-टिंबासकट, आणि ते मान हलवतील. यापलीकडे मी कुठल्याही देवाकडे काही मागितलं नाही.

पुस्तकाची शिलाई चालू असताना त्यांना दुसरा झटका आला. लहानसा होता, डॉक्टर म्हणाले. हात आणखी बिघडला नाही, चेहरा तसाच होता. घरचे सुटकेचा श्वास टाकत होते. मीही टाकला. एकदा पोळल्यावर तरी शहाणं व्हायला हवं होतं, पण माणूस चांगलं ऐकायला किती उतावीळ असतो.

गठ्ठे आले त्या सकाळी मी दाताच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून दोरी कापून घेतली, वरची प्रत उचलली आणि थेट ब्राह्मणपाऱ्यात गेले. वहिनींनी भाऊंना खिडकीशी बसवलं होतं. उजेड छान होता. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ते हसले. अगदी त्यांचं जुनं हसणं.

"अच्छी छपी है," ते म्हणाले.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. सगळं पुस्तक हळूहळू चाळलं. मधे एका पानाशी थांबले, परत पुढे गेले. मग ते मिटून माझ्याकडे दिलं आणि अगदी सहज, एखाद्या वाचकाने प्रकाशकाला विचारावं तसं विचारलं, "इसकी हिंदी कौन करेगा? मैं भी पढ़ लेता."

वहिनी आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मला उठून जायचं होतं. कुठेही, दवाखान्यात, स्टेशनवर, कुठेही. पण ते वाट बघत होते. लेखक वाट बघत होता.

मी पहिलं पान उघडलं. म्हटलं, "मैं सुनाती हूँ, भाऊ." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं वाक्य मी हिंदीत म्हटलं. "पहली रोटी तवे पर पड़ने से पहले ही वह जान जाती थी कि आज कौन भूखा जाएगा."

ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले.

"ऐसे नहीं लिखा था मैंने," ते म्हणाले.

माझ्या छातीत एकदम आशा उसळली. ओळखलं. परकं आहे हे ओळखलं त्यांनी! मी घाईघाईने खरं वाक्य वाचलं, त्यांच्याच चालीत, त्यांच्याच आवाजाची नक्कल करून. "पहिली पोळी तव्यावर पडायच्या आधीच तिले समजे, आज कोण उपाशी जाणार ते."

मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. ते मांडीवरच्या ब्लँकेटवर तसंच होतं. भाऊंनी डोळे उघडले, अनोळखी भाषा ऐकावी तसं माझ्या ओठांकडे पाहिलं. मी आणखी एकदा वाचलं, सावकाश. त्यांनी सभ्यपणे सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ये भी नहीं," ते म्हणाले.

"फिर क्या लिखा था, भाऊ?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. ओठ दोनदा हलले. मग माझी समजूत काढावी तसे म्हणाले, "अच्छा लिखा था. बहुत अच्छा लिखा था."

"हो भाऊ," मी म्हटलं, "लय चांगलं लिहिलं होतं." मी पान सोडलं नाही. पुढचं वाक्य मराठीतच वाचलं, कॉमा म्हटला, टिंब म्हटलं, आणि त्याच्या पुढचं वाचायला घेतलं.